बाजरीची पेरणी केव्हा करावी? बदलत्या पावसात अंकुशनगर-अंबड परिसरासाठी पेरणीच्या वेळेचे नियोजन

बाजरी हे कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत आणि कमी खर्चात येणारे पीक आहे. त्यामुळेच तिच्या पेरणीच्या तारखेकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नाही. जालना जिल्ह्यात आधी कपाशीची लागवड होते, मग सोयाबीन, मग तूर आणि उरलेल्या तुकड्यात, उरलेल्या दिवसांत बाजरी पडते. वाण चांगला, खत वेळेवर, तण काढलेले, तरीही शेजारच्या दोन शेतांत एकराला तीन-चार क्विंटलचा फरक दिसतो. विचारपूस केली तर पेरणीत दहा-पंधरा दिवसांचे अंतर निघते. पाऊसमान बदलत चालले तसा हा फरक वाढत चालला आहे. म्हणून या लेखात वाण, खत, फवारणी हे विषय थोडक्यात घेऊन पेरणीच्या वेळेवरच भर दिला आहे.

अंकुशनगर (महाकाळा) हा अंबड तालुक्याचा दक्षिणेकडील भाग. समर्थ सहकारी साखर कारखाना, जायकवाडीचा डावा कालवा आणि गोदावरीचा काठ यामुळे येथे ऊस दिसतो; बाजरीचे गाव म्हणून कोणी या भागाचे नाव घेणार नाही. पण कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी चढत नाही तिथे आणि तालुक्याच्या उत्तरेला रोहिलागड-जामखेडच्या बाजूच्या उंच, मुरमाड जमिनींत परिस्थिती पूर्ण वेगळी आहे. एकाच तालुक्यात दीड हात खोलीची बरड आणि पुरुषभर खोलीची काळी जमीन असल्यामुळे 'तालुक्यासाठी एक तारीख' असा सल्ला देणे येथे उपयोगाचे नाही.

शिफारस काय आहे आणि ती कुठे अडते

खरीप बाजरीसाठी पेरणीची सर्वसाधारण शिफारस १५ जून ते १५ जुलै अशी आहे. नक्षत्रांच्या भाषेत मृगाचा दुसरा आठवडा, पूर्ण आर्द्रा आणि पुनर्वसूचा बराचसा भाग. पाऊस लांबल्यास आपत्कालीन पीक नियोजनात जुलैअखेरपर्यंत बाजरीला स्थान दिले जाते, कारण त्या वेळी मूग, उडीद, कपाशी यांची वेळ निघून गेलेली असते.

ही शिफारस चुकीची नाही. मात्र ती तयार झाली तेव्हा गृहीत धरलेला पाऊस असा होता: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात, जुलैभर रिपरिप, ऑगस्टमध्ये थोडी उघडीप, सप्टेंबरमध्ये परतीचे दोन-तीन चांगले पाऊस आणि महिनाअखेर कोरडे आकाश. जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ६०० मि.मी.च्या आसपास पाऊस होतो. बाजरीला त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक पाणी पुरते. तेव्हा अडचण एकूण पावसाची क्वचितच असते. तो कोणत्या आठवड्यात पडतो आणि कोणत्या आठवड्यात पडत नाही, यावर सारे अवलंबून आहे.

अलीकडची दोन वर्षे शेजारी ठेवून पाहू.

२०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाने पाऊस रोखून धरला. मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला, आणि त्याच दिवशी तो दिल्लीतही दाखल झाला. मराठवाड्यात पेरण्या जुलैवर गेल्या. त्यानंतरचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली ७५-८० दिवसांची बाजरी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात फुलोऱ्यात येते, म्हणजे नेमकी त्या खंडात.

२०२५ मध्ये उलटे झाले. केरळात २४ मे आणि मुंबईत २६ मे रोजी पाऊस दाखल झाला. मे महिन्यातच शेतात पाणी साचले. कृषी विभागाने पेरणीची घाई करू नका असे वारंवार सांगितले आणि ते योग्यच होते, कारण त्यानंतर पावसाची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थांबली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीचा विसर्ग वाढला आणि गोदाकाठची गावे पाण्याखाली आली. जुलैच्या पहिल्या दहा दिवसांत पेरलेली बाजरी त्याच सुमारास कापणीला येते.

दोन्ही वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यातील पेरणी शिफारशीच्या आतच होती. पहिल्या वर्षी ती फुलोऱ्यात सापडली, दुसऱ्या वर्षी कापणीत. शिफारशीतील महिनाभराची मुदत म्हणजे त्या महिन्यातील कोणताही दिवस सारखाच, असा अर्थ घेता येत नाही तो यामुळे.

पेरणीची तारीख उत्पादनावर कशी परिणाम करते

बाजरीचे आयुष्य ढोबळमानाने तीन भागांत पडते. उगवणीपासून सुमारे २० दिवस पाने आणि फुटवे फुटण्याचे. पुढचे २०-२५ दिवस पोटात कणीस तयार होण्याचे. त्यानंतरचे २५-३० दिवस फुलोरा आणि दाणा भरण्याचे. पाण्याचा ताण या तिन्ही काळांत सारखे नुकसान करत नाही.

फुलोऱ्यापूर्वी ताण पडला तर बाजरी थांबते, पाने गुंडाळते आणि पाऊस आल्यावर उशिरा आलेल्या फुटव्यांवर कणसे देऊन बरीचशी भरपाई करते. मक्याला किंवा सोयाबीनला हे इतक्या प्रमाणात जमत नाही. पण फुलोऱ्यानंतर ताण पडला तर भरपाईची संधी संपलेली असते. कणीस वरून भरलेले आणि खाली पोकळ, किंवा दाणे चिपाड, असे दृश्य दिसते. म्हणून पेरणीची तारीख ठरवताना पहिला प्रश्न हा की फुलोरा कधी येईल आणि त्यानंतरचे २५ दिवस जमिनीत ओल राहील का.

ओल किती दिवस टिकेल याचा हिशोब शेतावरच करता येतो. एक फूट खोलीच्या बरड जमिनीत पिकाला मिळण्याजोगे पाणी साधारण ४० ते ५० मि.मी. मावते. ऐन वाढीत बाजरी दिवसाला ४ ते ५ मि.मी. पाणी वापरते. म्हणजे जमीन पूर्ण भिजलेली असली तरी दहा-बारा दिवसांच्या खंडात साठा संपतो. दोन फूट खोलीच्या मध्यम काळ्या जमिनीत हाच साठा दुपटीचा, म्हणजे वीस-बावीस दिवस निघतात. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांचा खंड आता नवलाचा राहिलेला नाही. त्यात बरड जमिनीची बाजरी जळते आणि मध्यम जमिनीची तग धरते, त्याचे कारण हे.

दुसरी गोष्ट परागीभवनाची. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि परागकण दोन-तीन दिवसांनी. या मधल्या दिवसांत ढगाळ हवा, झिमझिम पाऊस आणि गारवा असेल तर अरगट या बुरशीचे बीजाणू परागकणांच्या आधी स्त्रीकेसरावर पोहोचतात. कणसातून मधासारखा चिकट गुलाबीसर द्रव पाझरू लागतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण पेशी तयार होतात. त्या विषारी असतात; माणसाला आणि जनावराला, दोघांनाही. उशिरा पेरलेली बाजरी सप्टेंबरच्या ढगाळ हवेत फुलते, म्हणून तिच्यात अरगट जास्त दिसतो. जोराच्या पावसात परागकण धुऊन जातात आणि रोग नसतानाही कणसे विरळ भरतात, हे वेगळे.

तिसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. बाजरी हे लहान दिवसाचे पीक आहे. जुलैच्या उत्तरार्धात पेरले तर दिवस लहान होत जातात, पिकाला फुलोऱ्याची घाई होते, पाने आणि फुटवे कमी राहतात, कणीस आखूड येते. सुधारित संकरित वाणांत हा परिणाम कमी असला तरी तो पूर्ण जात नाही. उशिराच्या पेरणीत खोडमाशीचा उपद्रवही वाढतो.

चौथी गोष्ट तापमान. पीक दिवस मोजत नाही, उष्णता मोजते. बाजरीची वाढ साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली थांबते असे धरू. सरासरी तापमान २७ अंश असेल तर दररोज १७ अंश-दिवस जमा होतात. तेच २८ झाले तर १८. पहिल्या हिशोबाने ८० दिवसांत तयार होणारा वाण दुसऱ्या हिशोबाने ७६ दिवसांत तयार होईल. चार दिवस लवकर आला हे वरवर चांगले वाटते, पण त्यातला दीड-एक दिवस दाणा भरण्याच्या काळातून कमी झालेला असतो आणि दाणा तेवढा हलका राहतो. बाजरी उष्णता सहन करते म्हणजे उष्णतेचा तिच्यावर परिणाम होत नाही, असा गैरसमज पुष्कळ ठिकाणी आढळतो.

कापणीकडून मागे मोजा

पूर्वी प्रश्न एवढाच होता की पाऊस कधी सुरू होतो. आता पाऊस थांबण्याची तारीखही तितकीच महत्त्वाची झाली आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. त्यात आगमनाच्या तारखांत राज्यात फार फरक पडला नाही. परतीच्या तारखा मात्र पुढे गेल्या. मुंबईची परतीची तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबर झाली. आपल्या भागातही पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रेंगाळणे नेहमीचे झाले आहे.

पक्व झालेले बाजरीचे कणीस चार-पाच दिवस सतत भिजले तर दाणा काळा पडतो, बुरशी येते, कधी कणसातच मोड फुटतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये होता, पण काळ्या पडलेल्या मालाला हमीभाव मिळत नाही आणि घरी भाकरीलाही तो चालत नाही. सरमाडही काळे पडून जनावरे खात नाहीत. म्हणजे एका आठवड्यात धान्य आणि चारा दोन्ही जातात.

७५ ते ८० दिवसांचा वाण आणि साधारण ४५-४८ दिवसांनी फुलोरा धरला, तर तारखांचे चित्र असे दिसते:

१५-२० जूनची पेरणी : फुलोरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कापणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

१-५ जुलैची पेरणी : फुलोरा १५ ते २२ ऑगस्ट, कापणी १५ ते २३ सप्टेंबर.

१५ जुलैची पेरणी : फुलोरा ऑगस्टअखेर, कापणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस.

२५-३० जुलैची पेरणी : फुलोरा सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कापणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.

यातील एकही ओळ धोक्याविना नाही. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतच मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती, म्हणजे लवकर पेरणारेही सुटले नाहीत. तरीही जमिनीप्रमाणे निवड करता येते, आणि पुढील मत या लेखकाचे आहे. स्थानिक अनुभव वेगळा असल्यास त्याला मान द्यावा.

बरड, एक-दीड फुटाच्या जमिनीत पुरेसा पाऊस झाल्यास २५ जूनच्या आत पेरणी आटोपावी आणि ७५ दिवसांच्या आसपासचाच वाण घ्यावा. जुलैच्या पावसावर पीक उभे राहते, फुलोरा ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत उरकतो आणि खंड पडलाच तर तो दाणा भरण्याच्या निदान उत्तरार्धात येतो. दोन फूट वा अधिक खोलीच्या मध्यम जमिनीत घाईची गरज नाही. २५ जून ते १० जुलै ही वेळ चालते, कारण ऑगस्टचा खंड ही जमीन पेलते. गोदाकाठच्या खोल काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या रानात खरीप बाजरी मुळात घेऊच नये. साचलेल्या पाण्यात बाजरी पिवळी पडते, आणि त्या जमिनीचा खरा उपयोग रब्बी ज्वारीला किंवा हरभऱ्याला आहे.

बाजरी एक एकराहून जास्त असेल तर ती एकाच दिवशी पेरू नये. निम्मी पहिल्या वाफशावर आणि निम्मी १२ ते १५ दिवसांनी. एकराला सुमारे दीड किलो बी लागते (हेक्टरी ३ ते ४ किलो), त्यामुळे बियाण्याचा खर्च या विभागणीत वाढत नाही. मजूर दोनदा लावावे लागतात आणि पाखरांची राखण लांबते, हा तोटा आहे खरा. कापणीसाठी एकदम माणसे मिळत नाहीत अशा गावांत तोच फायदाही ठरतो.

पहिल्या पावसावर पेरू नये, ते का

'७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका' हे वाक्य दरवर्षी जूनमध्ये सगळीकडून ऐकू येते. ते कंटाळवाणे झाले असले तरी बाजरीला ते सोयाबीनपेक्षा जास्त लागू आहे. बाजरीचे बी बारीक; ते २ ते ३ सें.मी. खोलीवरच पडायला हवे. तेवढा वरचा थर दोन उन्हांत कोरडा होतो. सोयाबीन-कपाशीचे बी थोडे खोल असते आणि त्याच्यात स्वतःचा साठा असतो. बाजरीच्या अंकुराला मूळ खाली न्यायला ४-५ दिवसांची ओल मिळाली नाही तर तो मरतो. याच कारणाने बाजरीची धूळपेर करू नये.

१०० मि.मी. हा आकडा मंडळाच्या पर्जन्यमापकावरून घेतला जातो. वडीगोद्री किंवा गोंदी मंडळात ८० मि.मी. नोंदले म्हणून तुमच्या शिवारात तेवढे पडले असेलच असे नाही. हल्ली पाऊस रस्त्याच्या एका बाजूला पडतो आणि दुसऱ्या बाजूला नाही. सपाट बुडाचा आणि सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवून सकाळी आत पट्टी धरावी. एक सें.मी. पाणी म्हणजे १० मि.मी. पाऊस. त्याहून खात्रीचे म्हणजे खुरप्याने उकरून पाहणे: वीतभर खोलीपर्यंत माती सलग ओली असून मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल आणि बोटाने फुटत असेल, तर वाफसा आहे. मध्येच कोरडा थर लागला तर थांबावे.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने बाजरी बऱ्याचदा ५ सें.मी. खोल जाते, कारण यंत्र सोयाबीनसाठी लावलेले असते. मग 'बियाणे उगवले नाही' अशी तक्रार येते. यंत्र उथळ लावून, दहा फूट चालवून, ओळ उकरून पाहावी आणि मगच पुढे जावे. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन ऊन पडले की चिकण जमिनीवर पापुद्रा धरतो आणि कोवळा अंकुर त्याखाली मुरडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकी काटेरी फांदी किंवा हलका दंताळ ओळींवरून फिरवला तर पापुद्रा फुटतो. ही जुनी पद्धत अजूनही कामाची आहे.

उगवण विरळ झाली म्हणून लगेच दुबार पेरणी करू नये. ४५ × १५ सें.मी. अंतरावर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार रोपे बसतात. त्यातील निम्म्याहून अधिक रोपे सारखी पसरलेली असतील तर फुटव्यांवर पीक बरीचशी भरपाई करते. मोठे नांगे असतील तर पावसाळी दिवशी दाट जागची १२-१५ दिवसांची रोपे उपटून लावावीत. बाजरीचे रोप लावणीत चांगले धरते. मोडून पुन्हा पेरल्याने वीस दिवस जातात, आणि ते वीस दिवस फुलोरा सप्टेंबरच्या ढगांत ढकलतात. बी, डिझेल यांच्या खर्चापेक्षा हा खर्च मोठा असतो.

वाण आणि बीजप्रक्रिया, थोडक्यात

जालना हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४ पासून येथे खासगी बियाणे उद्योग उभा राहिला, त्यामुळे बाजारात संकरित बाजरीची नावे डझनावारी मिळतात. पिशवीवरचे चित्र न पाहता पक्वतेचे दिवस विचारावेत. विद्यापीठांच्या वाणांपैकी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्राचे एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ हे लोहयुक्त संकरित वाण आहेत. धनशक्ती हा सुधारित वाण ७५ दिवसांच्या आसपास येतो आणि त्याचे बी घरी राखता येते, हे बरड जमिनीवाल्यांसाठी महत्त्वाचे. परभणी संपदा हाही सुधारित वाण आहे. एकच संकरित वाण सगळीकडे पेरण्याचा धोका देशाने पाहिलेला आहे: १९६५ मध्ये आलेला एचबी-१ हा पहिला संकरित वाण काही वर्षांतच गोसावी (केवडा) रोगाला बळी पडला. वेगवेगळ्या वेळच्या पेरणीसाठी दोन वेगळे वाण घेतले तर उत्तम.

अरगटासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगणारे बी व कचरा काढून नष्ट करावा, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. त्यानंतर गोसावी रोगासाठी मेटॅलॅक्झिल ३५ टक्के किलोला ६ ग्रॅम चोळावे. शेवटी ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम. उशिराच्या पेरणीत ही प्रक्रिया टाळण्याची सवय आहे. प्रत्यक्षात तिची गरज तेव्हाच जास्त असते.

खताची शिफारस मध्यम जमिनीत हेक्टरी ६०:३०:३० आणि हलक्या जमिनीत ४०:२०:२० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी आहे. निम्मे नत्र पेरणीवेळी आणि निम्मे २५-३० दिवसांनी ओल असताना. खंड सुरू असेल तर युरियाची पोती घरातच राहू द्यावीत. पहिली विरळणी दहाव्या आणि दुसरी विसाव्या दिवशी. खंडाच्या काळात कोळपणी करून वरची भेग बुजवली तर दोन-चार दिवसांची ओल वाचते.

तूर घालायची असेल तर

बरड जमिनीत दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर घेतली तर एका पिकाची वेळ चुकली तरी दुसरे राहते. अट एवढीच की पेरणी जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत व्हावी. त्याहून उशीर झाल्यास तूर बाजरीच्या सावलीत दबते. बाजरी सप्टेंबरमध्ये निघाल्यावर तुरीला परतीचा पाऊस मिळतो. तो जास्त झाला तर मर आणि मूळकूज येते, म्हणून ओळी उताराला आडव्या असाव्यात.

विमा आणि नोंद

२०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा पीक विमा बंद झाला. त्या हंगामात शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के ठरला आणि भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर, म्हणजे पीक कापणी प्रयोगांवर आली. पेरणीच्या वेळेशी याचा संबंध आहे. मंडळातील बहुतेकांनी २० जूनला पेरले आणि तुम्ही १५ जुलैला, तर तुमचे नुकसान सरासरीत दिसणार नाही. आपल्या मंडळात बाजरी अधिसूचित आहे का, आणि त्या वर्षीचे नियम काय, हे जुलैमध्येच कृषी सहायकांकडून समजून घ्यावे.

कृषी सहायक व कृषिमित्रांनी गावातील दहा शेतांची तरी नोंद ठेवावी: जमिनीची खोली, पेरणीची तारीख, वाण, निम्म्या कणसांवर फुलोरा दिसण्याची तारीख, सर्वात मोठा खंड किती दिवसांचा, आणि एकरी उतारा. पाच वर्षांची अशी वही गावासाठी कोणत्याही जिल्हास्तरीय शिफारशीपेक्षा उपयोगी पडेल. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीच्या विद्यापीठाची ग्रामीण कृषी मौसम सेवा आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढील पाच दिवसांचा अंदाज देते. त्याची पेरणीच्या निर्णयाशी सांगड घालावी.

कालव्याच्या लाभक्षेत्रात उन्हाळी बाजरी

अंकुशनगर परिसरातील शेतकऱ्यांना आणखी एक पर्याय आहे, जो बरड जमिनीवाल्यांना नाही. जायकवाडीत साठा चांगला असेल आणि डाव्या कालव्याच्या उन्हाळी पाळ्या जाहीर झाल्या असतील, तर १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात उन्हाळी बाजरी घेता येते. खोडवा लवकर तुटलेल्या रानात ती बसते. पाच-सहा पाण्यांत पीक येते, ऊन स्वच्छ असल्याने उत्पादन खरिपापेक्षा जास्त मिळते, अरगट आणि गोसावी यांचा त्रास कमी असतो, आणि ऐन उन्हाळ्यात सरमाड हाती येते.

येथेही वेळ महत्त्वाची. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास असते. तेव्हा पेरल्यास बी आठ-दहा दिवस जमिनीत पडून राहते आणि उगवण मागेपुढे होते. थंडी ओसरताच पेरावे. उलट मार्चमध्ये पेरले तर फुलोरा एप्रिलअखेर ते मेमध्ये येतो, पारा ४२ अंशांवर गेलेला असतो, परागकण निकामी होतात आणि कणसे भुंडी राहतात. शिवाय पीक मेअखेरच्या पावसात सापडते. २०२५ मध्ये असे उभे पीक भिजले. तेव्हा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर उन्हाळी बाजरीचा विचार सोडून द्यावा आणि त्या रानात चाऱ्याची ज्वारी किंवा मका टाकावा.

पाऊस रेंगाळला तर रब्बी ज्वारी

खोल काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर पेरणी व्हायची. आता सप्टेंबरअखेर रान चिखलात असते आणि वाफसा येईपर्यंत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. लवकर पेरलेल्या ज्वारीत खोडमाशी जास्त, उशिरा पेरलेल्या ज्वारीत ओल कमी पडून खडखड्या आणि चिकटा जास्त, अशी ओढाताण आहे. चिखलात तिफण घालण्याऐवजी वाफशाची वाट पाहावी. २० ऑक्टोबर उलटल्यास मालदांडीची वाढ खुंटते आणि कडबा निम्म्यावर येतो. अशा वेळी हरभरा पेरणे जास्त फायद्याचे. ज्यांना कडब्यासाठी ज्वारी हवीच आहे त्यांनी बियाण्याला किलोला ४ ग्रॅम गंधक (३०० मेश) चोळून, नेहमीपेक्षा थोडे जास्त बी वापरून, तेवढ्याच क्षेत्रापुरती ती घ्यावी आणि एक संरक्षित पाणी पोटरीत असताना देण्याची सोय आधीच पाहून ठेवावी.